बायबलच्या गोष्टी मुलांच्या तोंडी बसाव्यात म्हणून: कवितेतून पाठांतर कसं करून घ्यावं

संडे स्कूलमध्ये मिसर देशावर आलेल्या दहा पीडा शिकवून झाल्या की पुढच्या रविवारी मुलांना विचारून बघा. रक्त आठवतं, बेडूक आठवतात आणि शेवटची पीडा आठवते. मधल्या सात गायब. गारा आधी की टोळ आधी यावरून वर्गात भांडण होतं. याच मुलांना भोंडल्याची लांबलचक साखळी गाणी आणि टीव्हीवरच्या जाहिराती मात्र एक शब्द न गाळता येतात. म्हणजे मुलांची आठवण कच्ची नाही. आपण गोष्ट सांगतो, पण ती धरून ठेवायला हातात दोरी देत नाही.

ही दोरी बायबलमध्येच आहे. ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या ३१ व्या अध्यायात देव मोशेला गीत लिहून घ्यायला आणि इस्राएल लोकांना शिकवायला सांगतो, कारण मुलाबाळांच्या तोंडून ते विसरलं जाणार नाही. स्तोत्र १३६ मध्ये उत्पत्तीपासून कनान देशापर्यंतचा प्रवास २६ वचनांत येतो आणि प्रत्येक वचनाला तेच पालुपद आहे. स्तोत्र ११९ ची १७६ वचनं इब्री वर्णमालेच्या २२ अक्षरांवर बेतलेली आहेत, एकेका अक्षराला आठ. आपल्या भाषेतही हे काम जुनं आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात सासष्टीतल्या राशोल इथे छापलं गेलं. जुना आणि नवा करार मिळून जवळपास ११,००० ओव्या, आणि त्या देवळात वाचल्या जात. पुढे नारायण वामन टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे येशूच्या जीवनावरचं महाकाव्य सुरू केलं आणि त्यांच्या पश्चात पत्नी लक्ष्मीबाईंनी ते पूर्ण केलं. तेव्हा कवितेतून गोष्ट शिकवणं म्हणजे मुलांसाठी काढलेली युक्ती आहे असं समजू नका. आपल्या मंडळ्यांची ती जुनी वाट आहे.

आधी गोष्ट, मग कविता

पहिल्या रविवारी कवितेचा एकही शब्द काढू नका. गोष्ट नीट सांगा, रंगवून सांगा. दावीद आणि गल्याथ घ्या. धिप्पाड गल्याथ सकाळ-संध्याकाळ येऊन हिणवतो, शौल राजाच्या चिलखताची दाविदाला सवय नसते, आणि भावांसाठी भाकरी घेऊन आलेलं हे पोरगं लढायला उभं राहतं. हे सगळं मुलांना आधी डोळ्यांपुढे दिसलं पाहिजे. चित्र नसेल तर कविता पोपटपंची होते, आणि ती पोपटपंची फार फसवी असते, कारण मूल घडाघडा म्हणतं आणि आपल्याला वाटतं, याला गोष्ट आली.

पाठांतर दुसऱ्या रविवारी सुरू करायचं. व्हीबीएस, म्हणजे सुट्टीतली बायबल शाळा, असेल तर दुसऱ्या दिवशी.

कवितेत काय घालायचं

इथे बहुतेक जण चुकतात. अख्खी गोष्ट यमकात बसवायला जातात, चाळीस ओळी होतात आणि पंधराव्या ओळीला वर्ग पेंगतो. कवितेत फक्त तेवढंच घाला जे नुसतं ऐकून टिकत नाही: क्रम, नावं, आकडे. बाकीचं, म्हणजे भीती, राग, रडणं, पश्चात्ताप, हे गद्यातच सांगितलेलं बरं. गोष्टीचा जीव तुमच्या आवाजात असतो. कवितेनं सांगाडा सांभाळायचा.

म्हणून लिहायला बसण्याआधी बायबल उघडा, तो अध्याय दोनदा वाचा आणि एका कागदावर फक्त टप्पे लिहा. महापूर ओसरताना नोहानं तारवातून सोडलेल्या पक्ष्यांचं बघा. उत्पत्ती ८ मध्ये कावळा आहे आणि तीन वेळा कबुतर आहे, मधे सात-सात दिवस. मुलांना नेहमी एकच कबुतर आणि एकच पान आठवतं. त्यासाठी एवढं पुरतं:

कावळा सोडला, भिरभिरला,
कबुतर सोडलं, परत आलं.
सात दिसांनी पुन्हा सोडलं,
चोचीत पान घेउन आलं.
सात दिसांनी पुन्हा सोडलं,
उडून गेलं, नाही आलं.

सहा ओळी. तारवाची लांबी-रुंदी, पाऊस किती दिवस, पर्वताचं नाव, हे यात नाही. ते हवं असेल तर वेगळं कडवं करा, यात कोंबू नका. आणि तारवाची मापं तर मुळीच यमकात घालू नका. ३०० हात लांब, ५० हात रुंद, ३० हात उंच, हे मुलांना मैदानात नेऊन दाखवा. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. मुलांनी स्वतःच्या हातानं दहा हात मोजले आणि अशी आणखी एकोणतीस मापं लागतील हे त्यांना कळलं, की तारू केवढं होतं हे कवितेपेक्षा जास्त कळतं.

या कडव्यात एक खाच आहे. तिसरी आणि पाचवी ओळ सारखीच असल्यामुळे काही मुलं पान आणल्यावर पुन्हा पान आणतात आणि गोल गोल फिरत राहतात. सारख्या ओळी आल्या की हे होणारच. उपाय हाताचा: पहिल्या ‘पुन्हा सोडलं’ला एक बोट वर, दुसऱ्याला दोन बोटं. एवढ्यानं चक्र तुटतं.

चाल गोष्टीप्रमाणे निवडा

चालीसाठी बाहेर जायची गरज नाही, घरातच भरपूर आहे. दावीद आणि गल्याथ पोवाड्याच्या थाटात म्हणावा, डफ नसेल तर बाकावर थाप चालते:

सहा हात वरती एक वीत,
दावीद त्याला नाही भीत!
पाच गोटे ओढ्यातून,
एक सुटला गोफणीतून!

येशूच्या जन्माला पाळणा आहेच. स्तोत्रं अभंगाच्या चालीत छान बसतात. आणि रूथच्या गोष्टीला जात्यावरची ओवी. हे माझं सगळ्यात आवडतं आहे, कारण रूथच्या पुस्तकात शेत आहे, कापणी आहे, सासू-सून आहे, म्हणजे आपल्या ओवीतलं सगळं जग आधीच तिथे आहे.

पहिली माझी ओवी गं, मवाबाच्या शिवेला,
नामी निघाली माघारी, रूथ तिच्या पाठीला.

दुसरी माझी ओवी गं, बेथलेहेम गावाला,
सातूच्या कापणीला, सरवा वेचायला.

तिसरी माझी ओवी गं, बवाज सांगे गड्याला,
मुद्दाम टाका कणसं रूथला वेचायला.

चौथी माझी ओवी गं, ओबेद आला घराला,
तोच आजा झाला बाई दावीद राजाला.

‘सरवा’ हा शब्द मुद्दाम ठेवा. कापणीनंतर शेतात राहिलेली कणसं वेचायची, त्याला सरवा म्हणतात हे शहरातल्या मुलाला ठाऊक नसतं. आजीला विचारून या म्हणावं. आजी नुसता अर्थ सांगून थांबत नाही, स्वतः सरवा वेचायला गेल्याची आठवण सांगते, आणि मग रूथ परक्या देशातली राहत नाही. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना तारू, सातू, गोफण हे शब्द अडतात म्हणून काढून टाकावेत असं सुचवणारे पालक भेटतात. मी काढत नाही. शब्द चालीवर आला की अर्थ कळायच्या आधी आवडतो, आणि आवडलेल्या शब्दाचा अर्थ मूल स्वतः विचारतं. ज्यांना देवनागरी सावकाश वाचता येतं त्यांच्या हातात कागद देऊ नका. त्यांनी कानानं शिकावं.

लिहिताना

ओळ लहान ठेवा, एका श्वासात म्हणता आली पाहिजे. एका ओळीत एक किंवा दोन गोष्टी, तीन नकोत. भाषा बोलीतली. ‘व्योम’, ‘तद्नंतर’, ‘पातला’ असले शब्द आले की मुलं ते चुकीचे म्हणतात आणि मोठे हसतात, आणि ज्याला हसले ते मूल पुढच्या वेळी तोंड उघडत नाही.

मोजणीची गोष्ट असेल तर बोटांवर बसवा. दहा पीडा, दहा बोटं:

नदीत रक्त, बेडूक दारी,
अंगी उवा, गोमाशा घरी,
गुरंढोरं मेली, उठले फोड,
गारांची झोड, झाडांची मोड,
टोळ आले, अंधार झाला,
घरोघरचा थोरला गेला.

शेवटच्या ओळीला आवाज खाली आणायचा. मुलांना सांगावं लागत नाही, दोन-तीनदा म्हटलं की ती आपोआप हळू होतात. सहा वर्षांखालच्या मुलांना ही कविता शिकवू नये असं माझं मत आहे. त्यांना घरातला थोरला भाऊ किंवा बहीण आठवते आणि रात्री झोप लागत नाही.

सहा दिवसांची उत्पत्ती मात्र अगदी लहानांनाही येते. ती बहुतेक जण एक, दोन, तीन, चार अशी सरळ लावतात, तेही ठीकच आहे. पण उत्पत्तीचा पहिला अध्याय नीट वाचला तर एक जोडणी दिसते. पहिल्या दिवशी उजेड आणि चौथ्या दिवशी सूर्य, चंद्र, तारे. दुसऱ्या दिवशी आभाळ आणि पाणी वेगळं झालं, पाचव्या दिवशी त्या दोन्हींत पक्षी आणि मासे आले. तिसऱ्या दिवशी जमीन, सहाव्या दिवशी तिच्यावर राहणारे. आधी घर, मग घरातली माणसं. म्हणून मी असं करते:

एकला उजेड, चारला दिवे,
दोनला आभाळ, पाचला थवे,
तीनला माती, झाडं, वेली,
सहाला माणसं, ढोरं केली,
सातला विसावा!

‘थवे’ म्हणताना एक हात वर उडवायचा आणि दुसरा खाली पाण्यात सळसळवायचा, म्हणजे मासे सुटत नाहीत. सहाव्या ओळीची वाट बघू नका, ती नाही. ‘सातला विसावा’ म्हणून सगळ्यांनी बाकावर डोकं टेकायचं. पाच वर्षांच्या मुलांना ही ओळ सगळ्यात आधी पाठ होते.

बारा प्रेषितांच्या नावांना यमक शोधत बसू नका. पहिली चार नावं भावांच्या दोन जोड्या आहेत: पेत्र-अंद्रिया, याकोब-योहान. मत्तय १० मध्ये पुढची नावंही दोन-दोन अशीच येतात. फिलिप्प-बर्थलमय, थोमा-मत्तय, अल्फीचा याकोब-तद्दय. दोघादोघांनी हात धरून उभं राहायचं आणि जोडीनं नावं म्हणायची. ‘शिमोन कनानी’ झाल्यावर सगळ्यांनी विचारायचं, “बारावा कोण?” आणि एकट्यानं सांगायचं, “यहूदा इस्कर्योत.” कुणाच्या चर्चमध्ये पेत्र म्हणतात, कुणाकडे पीटर. तुमच्या उपासनेत जे ऐकू येतं तेच कवितेत घ्या.

शास्त्राशी ताडून बघा

ही पायरी मी सगळ्यात महत्त्वाची मानते, आणि ती एका चुकीतून शिकले. पुष्कळ वर्षांपूर्वी नाताळसाठी मी एक छोटं गाणं केलं. त्यात ‘तीन राजे उंटावर’ अशी ओळ होती. चाल चांगली लागली, मुलांनी उचलली. दोन वर्षांनी बायबल क्विझच्या तयारीत मत्तयाचा दुसरा अध्याय वाचत असताना एका मुलीनं विचारलं, “बाई, इथे तीन कुठे लिहिलंय?” लिहिलेलंच नाही. सोनं, ऊद आणि गंधरस ही तीन दानं आहेत, ती आणणारे मागी, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी लोक, किती होते ते मत्तय सांगत नाही. ते राजे होते असंही तो म्हणत नाही, आणि उंटही त्या अध्यायात नाहीत. एका ओळीत तीन चुका. मी गाणं दुरुस्त केलं, पण ती मुलं आता मोठी झाली आहेत आणि नाताळात भेटली की जुनीच ओळ गुणगुणतात. कविता खरं जितकं घट्ट धरते तितकंच खोटंही धरते. गद्यात सांगितलेली चूक विसरली जाते. यमकातली जात नाही.

अशा जागा ठरलेल्या आहेत, तिथे थांबून वचन उघडा. एदेन बागेत सफरचंद नाही, नुसतं फळ आहे. योनाला गिळणारा ‘मोठा मासा’ आहे, त्याला देवमासा म्हणायचं की नाही हे तुम्ही ठरवू नका. दिमिष्काच्या वाटेवर शौल (राजा नव्हे, पुढे पौल झालेला) जमिनीवर पडला, पण प्रेषितांची कृत्ये ९ मध्ये घोडा नाही. घोडा चित्रकारांनी आणला. तारवात प्रत्येक प्राण्याची एक जोडी गेली असं आपण म्हणतो, पण उत्पत्ती ७ च्या सुरुवातीला शुद्ध पशूंच्या सात-सात जोड्या सांगितल्या आहेत. यमकासाठी ‘जोडी-जोडी’ आवडतं, म्हणून ही चूक फार पसरली आहे.

कविता झाली की ती दुसऱ्या कुणाला वाचायला द्या आणि त्यांच्यासमोर तो अध्याय उघडा ठेवा. ओळ आणि वचन जुळत नसेल तर यमक सोडा. यमकाविनाही कविता पाठ होते. इब्री स्तोत्रांचा डोलारा यमकावर उभा नाही, तिथे एकच गोष्ट दोन ओळींत दोन तऱ्हांनी येते, आणि तरी ती पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ राहिली.

पाठ करून घेणं

एका बैठकीत दोन ओळी लहानांना, चार ओळी सात-आठ वर्षांच्यांना. तुम्ही म्हणा, त्यांनी मागून म्हणावं, तीनदा. मग तुम्ही अर्धी ओळ म्हणा आणि थांबा: “गारांची झोड…” वर्ग ओरडतो, “झाडांची मोड!” हे थांबणंच खरं शिकवतं. सारखं ऐकवत राहिलात तर मूल ऐकतच राहतं. अडून, आठवून काढलेला शब्द टिकतो. म्हणून आठवायला दहा सेकंद लागले तरी सांगायची घाई करू नका.

लांब कविता असेल तर स्तोत्र १३६ ची रीत वापरा. ओळ एकानं म्हणायची, पालुपद सगळ्यांनी. लाजरी मुलं पालुपदात मिसळतात आणि महिन्याभरानं ओळीही म्हणू लागतात.

उजळणीचं अंतर वाढवत न्या. त्याच दिवशी घरी जाताना एकदा, दुसऱ्या दिवशी झोपताना एकदा, मग रविवारी, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्यानं. आईवडिलांना एवढंच सांगा की रोज घोकून घेऊ नका. भांडी घासताना, स्कूटरवर पुढे उभं केलेलं असताना सहज पहिली ओळ म्हणा आणि गप्प बसा. पुढची ओळ येते.

गोष्ट आली का, ते कसं ओळखायचं

पाठ म्हणून दाखवणं ही परीक्षा नाही. मधूनच विचारा: “गारांच्या आधी काय झालं?” जो मुलगा सुरुवातीपासून म्हणत तिथपर्यंत पोचतो त्याला कविता आली आहे. जो थेट “फोड” म्हणतो त्याला गोष्ट आली आहे. पहिल्याला नापास करू नका, तो वाटेवर आहे. मग एक ओळ द्या आणि तिचं गद्य करून मागा. “एक सुटला गोफणीतून” म्हणजे काय झालं? कुणी सुटला, कुणाला लागला, कुठे लागला? कपाळ कवितेत नव्हतं. ते सांगितलं तर पहिल्या रविवारचं तुमचं सांगणं वाया गेलेलं नाही.

मोठ्या मुलांना स्वतः करू द्या

दहा-अकरा वर्षांनंतर तयार कविता देणं बंद करा. टप्पे द्या आणि कडवं मागा. योनासाठी मी फळ्यावर एवढंच लिहिते: याफो, तार्शीशचं जहाज, वादळ, चिठ्ठ्या, मासा – तीन दिवस, निनवे – चाळीस दिवस, वेल, किडा. चौघा-चौघांचे गट, प्रत्येकाला एक बायबल, पाऊण तास.

एका वर्षी एका गटानं सुरुवात केली:

देव म्हणाला, निनवे गाठ,
योना म्हणाला, सोड पाठ!

वर्गानं टाळ्या वाजवल्या. मलाही ओळ फार आवडली. तेवढ्यात दुसऱ्या गटातला एक मुलगा बायबल घेऊन उठला. पहिल्या अध्यायात योना देवाला काही म्हणतच नाही, असं तो म्हणाला. तो उठतो, याफोला जातो, भाडं देतो आणि जहाजात बसतो. सगळ्यांनी वाचलं. खरंच, एक शब्द नाही. गटानं दहा मिनिटं खटपट करून ओळ बदलली:

देव म्हणाला, निनवे गाठ,
योनानं फिरवली तिकडे पाठ.

पण गटातली एक मुलगी ऐकेना. गप्प बसणारा माणूस एवढा पळेल कशाला, असं तिचं म्हणणं होतं. ती शेवटपर्यंत वाचत गेली आणि चौथ्या अध्यायाच्या दुसऱ्या वचनाशी थांबली. तिथे निनवेचा नाश टळल्यावर रागावलेला योना देवाला सांगतो की मी माझ्या देशात असतानाच हे म्हटलं होतं ना, तू दयाळू आहेस हे मला ठाऊक होतं, म्हणूनच मी पळालो. म्हणजे तो बोलला होता, पण काय बोलला ते गोष्ट आपल्याला शेवटी कळू देते. मग चौघांनी बसून शेवटचं कडवं नव्यानं लिहिलं आणि पहिल्या कडव्यात योनाला गप्पच ठेवलं.